काचेसारखं पाणी

मावशीला लोक तोंडावर मावशी म्हणायचे आणि पाठ फिरली की फौजदार. दोन्ही नावं तिच्या कानावर होती, आणि खरं सांगायचं तर तिला दुसरंच जास्त आवडायचं.

वरच्या तळ्यावर होड्या पाण्यात सोडायला सिमेंटचा एक उतार आहे. त्या उताराच्या तोंडाशी आडवा दांडा, दांड्याशेजारी खुराड्याएवढी चौकी, आणि चौकीत मावशी. बाहेरून आलेली होडी, मग ती कितीही भारीची असो नाहीतर चार फळकुटं ठोकून केलेली असो, मावशीच्या हातून धुऊन निघाल्याशिवाय पाण्याला लागायची नाही. चौकीमागे पाणी तापवायची मोठी टाकी होती, तिला लांबलचक नळी आणि नळीच्या टोकाला बंदुकीसारखी तोटी. त्यातून निघणारं कढत पाणी ती होडीच्या पोटावर, गाडीच्या चाकांवर, नांगराच्या साखळीवर असं मारायची, की होडीवाल्यालाच चटका बसावा. मग होडीचं बूच काढायला लावायची, आतलं साचलेलं पाणी सांडेपर्यंत कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. गळ टाकायला आलेल्यांच्या बादल्या उपड्या करायची. गमबूट उलटे करून झटकायची.

एकदा एक बडे साहेब आले. होडी नवीकोरी, चष्मा काळा, आवाज त्याहून काळा. ते म्हणाले, "बाई, मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?"

मावशी म्हणाली, "ते तुमच्या आईला विचारा. होडी याआधी कुठल्या पाण्यात होती, तेवढं मला सांगा."

साहेब मुकाट्याने रांगेत उभे राहिले. तिच्या नवऱ्यालासुद्धा सुटका नव्हती. तो गाडी चालवायला शिकवणारा मास्तर. सगळं गाव त्याच्या हाताखाली गाडी शिकलेलं. एका रविवारी तो भलत्याच ओढ्यात मासे धरून ओल्या बुटांनी थेट तळ्यावर आला, तर मावशीने त्याला चारचौघांत अनवाणी उभा केला आणि बूट कढत पाण्यात बुचकळून काढले. बुटांचे तळवे सुटले. मास्तर त्यानंतर सगळ्यांना सांगत सुटला, "माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याचा, एक माझा. घरात एकच आहे आणि तो हिच्या पायाखाली."

आता एवढा कडकपणा कशासाठी? शिंपल्यांसाठी. हसू नका. करंगळीच्या नखाएवढा शिंपला, अंगावर काळे-पिवळे पट्टे, दिसायला असा गोजिरवाणा की पोरांनी खिशात घालावा. पण त्याने एक अख्खं तळं खाल्लेलं मावशीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

ते तळं खालचं. मावशी आणि तिचा थोरला भाऊ त्याच्या काठावरच वाढले. त्यांचे अप्पा तिथे वल्ह्याच्या होड्या भाड्याने द्यायचे. पाणी कायमचं हिरवट, गढूळ. हात घातला तर बोटं दिसायची नाहीत. अप्पांना त्याची फार खंत. गिऱ्हाईक नाक मुरडायचं. आणि एका उन्हाळ्यात काय चमत्कार झाला कोण जाणे, पाणी निवळायला लागलं! आधी वल्ह्याचं पातं दिसू लागलं, मग काठचे दगड, मग तळ. अप्पांना आनंदाने वेड लागायचं बाकी होतं. त्यांनी रंगाऱ्याला बोलावून निळी पाटी रंगवून घेतली: "काचेसारखं पाणी! या, बसा, तळ पाहा!" माणसं लोटली. मावशी तेव्हा दोन वेण्यांची पोर होती, तिने स्वतः त्या पाटीतला उद्गारचिन्हाचा ठिपका रंगवला होता.

पुढच्या उन्हाळ्यात होड्या उलटवल्या तर बुडाला शिंपल्यांची साल. वल्ह्यांना शिंपले, पायऱ्यांना शिंपले, शिंपल्यांवर शिंपले. उतरेल त्याचा पाय कापायचा. गावाला पाणी देणारा नळ आतून बुजला. ऊन तळापर्यंत पोचायला लागलं तसं खालून शेवाळ्याचं रान माजलं आणि वल्ही त्यात अडकू लागली. मासे निघेनात, निघाले तर हडकुळे. मग एक शिकलेले गृहस्थ येऊन सांगून गेले, की हे शिंपले दिवसरात्र पाणी पितात आणि गाळून सोडतात. माशांच्या पिल्लांनी जे खायचं ते सगळं ते आधीच खाऊन टाकतात, म्हणून पाणी नितळ दिसतं. आले कुठून? कुणाच्या तरी होडीला चिकटून. एकदा आले की जात नाहीत. त्यांची पिल्लं इतकी बारीक की पेलाभर पाण्यात शेकडो असली तरी डोळ्याला दिसायची नाहीत.

अप्पांनी होड्या सरपणाच्या भावाने विकल्या. ती निळी पाटी स्वतःच्या हातांनी उतरवली आणि कोंबड्यांच्या खुराड्याला मागून ठोकली, अक्षरं आतल्या बाजूला करून. त्यानंतर ते तळ्याकडे पाठ करून बसायचे. जेवतानासुद्धा.

म्हणून मावशी फौजदार झाली. वरच्या तळ्याचं पाणी पोहायला, वल्हवायला, गळ टाकायला अजून शाबूत होतं, आणि ते तसंच राहावं एवढी एकच गोष्ट तिने आयुष्याकडे मागितली होती.

भाऊ, म्हणजे दादा, खालीच राहिला. त्याचा धंदा दोरांचा. वल्ह्यांच्या शर्यती असतात ना, तेव्हा पाण्यात रांगा आखाव्या लागतात. लांब दोर, त्यात ओवलेले लाल-पांढरे प्लास्टिकचे गोळे, आणि ते जागेवर राहावेत म्हणून तळाशी सोडलेले सिमेंटचे ठोकळे. ठोकळे ज्या त्या तळ्यात कायमचे असत. दोर मात्र त्या सगळ्या मुलखात एकच जोड, तो दादाचा. मोसम सुरू झाला की दादा आपली खटारा गाडी घेऊन खालच्या तळ्यापासून सुरुवात करून या तळ्यावरून त्या तळ्यावर दोर लावत हिंडायचा.

आणि दोरांच्या बाबतीत दादा म्हणजे लेकुरवाळी आई! कुणी दोरावर पाय दिला तर अंगावर धावून जायचा. त्याचं एक ठाम मत होतं: दोर कधी कोरडा पडू द्यायचा नाही. "वाळलेला दोर रुसतो," म्हणायचा. "काठीसारखा ताठ होतो, गाठी मारून बसतो. ओला ठेवा, लोण्यासारखा सुटतो." म्हणून एका तळ्यातून काढलेला दोर तो तिथल्याच पाण्याने भरलेल्या मोठ्या निळ्या पिंपात घालायचा, वर ओलं पोतं टाकायचा, आणि तसाच पुढच्या तळ्यावर न्यायचा. तिथे धक्क्यावर पोचला की दोर हाताने उपसून घ्यायचा आणि उरलेल्या पाण्याचं पिंप लाथ मारून तळ्याच्या बाजूला आडवं करायचा. भरलेलं पिंप उचलणार कोण? कंबर कुणाची?

पन्नाशीच्या बहिणीला तो अजून छकुली म्हणायचा. चौकीच्या वळणावर तीनदा भोंगा वाजवायचा आणि तो ऐकला की मावशी गाडी दिसायच्या आधीच दांडा वर करायची. दादा खिडकीतून हात काढून ओरडायचा, "छकुले, आम्हाला नाही का अंघोळ घालणार?"

"तू जन्माचा पारोसा! जा पुढे, चहा टाकते," मावशी म्हणायची.

कधी तपासलं नाही. का तपासेल? होडी नाही, नांगर नाही, बूट नाहीत. चौकीवर सरकारने लावलेल्या चित्रांच्या फळ्यावर होडी होती, बादली होती, बूट होते, दोर नव्हता. आणि त्या शिंपल्यांवर दादाचा राग तर तिच्याहून दुप्पट. परक्यासाठी कढत पाणी, घरच्यासाठी गरम चहा, असा तो मामला. गेल्या वर्षी फुटका म्हणून काढलेला एक लाल गोळा दादाने तिला देऊन टाकला होता, चौकीचं दार वाऱ्याने आपटायचं म्हणून दाराला अडण लावायला. "गोळे हल्ली जड लागतात गं," तो तेव्हा म्हणाला होता. "का माझंच वय झालं, देव जाणे."

तर यंदाच्या मोसमाची गोष्ट. दादा वरच्या तळ्यावरची शर्यत आटोपून सकाळीच निघाला होता. तिथून तो चालला होता डोंगरातल्या तळ्यावर. त्या तळ्यात आजवर बाहेरची एक होडी उतरली नव्हती. तिथला राखणदार म्हातारा वर्षानुवर्षं मागे लागला होता, की आमच्याकडेही एकदा शर्यत होऊ द्या. दादानेच शब्द टाकून ती मिळवून दिली होती आणि त्याचा त्याला कोण अभिमान.

दादाची गाडी वळणाआड गेली आणि थोड्या वेळाने रोज पोहायला येणाऱ्या निवृत्त नर्सबाई केस पुसत चौकीशी आल्या. चेहरा नुसता फुललेला.

"मावशी, तुम्हाला हार घातला पाहिजे!"

"का हो? सूनमुख बघितलंत की काय?"

"अहो, आज पोहताना मला माझी पायाची बोटं दिसली! इतकी वर्षं पोहते, पण असं पाणी बघितलं नाही. तळ दिसतो हो, तळ! हे सगळं तुमच्या कडकपणाचं फळ."

मावशी हसली. हसता हसता तिचं हसू तोंडावरच वाळलं. हातातली किटली तिने टेबलाऐवजी हवेतच ठेवली. चहा पायांवर सांडला, तो कढत होता हेसुद्धा तिला कळलं नाही.

ती धक्क्यावर गेली. वाकली. चार वर्षांपूर्वी तिथेच तिच्या हातून स्टीलचा मग पाण्यात पडला होता. तेव्हा तिने कंबरेएवढ्या पाण्यात चाचपून चाचपून शोधला होता आणि शेवटी त्याला शिव्या देऊन नाद सोडला होता. तो मग खाली पडलेला दिसत होता. कानाला आलेला पोचासुद्धा दिसत होता.

"अगं आई गं," ती एवढंच म्हणाली.

तळ्यावर एक पाणबुड्या होता. लोकांचे चष्मे, किल्ल्या, अंगठ्या पाण्यातून काढून देण्यावर त्याचं पोट. माणूस महाखडूस, पण मावशीचा चेहरा बघून त्याने लगेच नळी तोंडात धरली. आधी तो उतारापाशी बुडाला. वर आला, मान हलवली, काही नाही. मावशीच्या जिवात जीव आला. "बघा!" ती नर्सबाईंना म्हणाली, "माझ्या दारातून काही गेलेलं नाही. पाऊस कमी झालाय, म्हणून निवळलं असेल." तिच्या आवाजावर तिचाच विश्वास नव्हता.

पाणबुड्या मग तळ्याच्या मध्यावर गेला. बराच वेळ खाली होता. परत आला तेव्हा त्याच्या तळहातातून रक्त येत होतं आणि मुठीत पट्ट्यापट्ट्यांचा एक घोस होता.

"उताराला नाहीत, धक्क्याला नाहीत," तो धापा टाकत म्हणाला. "मधे ते शर्यतीचे ठोकळे आहेत ना, त्यांच्यावर आहेत. पहिल्या ठोकळ्यापासून शेवटच्यापर्यंत, सरळ रेषेत. ठोकळा दिसत नाही एवढे आहेत."

"पण तिकडे मोटरची होडी जातच नाही!" मावशी ओरडली. "गळवाले जात नाहीत! कोण जातं तिकडे? कोण गेला मेला माझ्या डोळ्यांत धूळ फेकून? त्याचं नाव सांगा मला, त्याची होडी जाळते मी!"

पाणबुड्याने पायाकडे बघितलं. तेवढ्यात वारा आला, चौकीचं दार हललं आणि दाराशी ठेवलेल्या लाल गोळ्याला लागून थांबलं.

मावशीने त्या गोळ्याकडे पाहिलं.

गोळ्याला दोर ओवायचं आरपार भोक होतं. तिने गोळा उचलला आणि भोकात बोट घातलं. आत खरखर लागली. बोट वाकवून ओढलं, तसा वाळलेल्या शिंपल्यांचा पसा तिच्या पदरात सांडला. करंगळीच्या नखाएवढे. काळे-पिवळे. वर्षभर तिने तो गोळा पायाने सरकवला होता, रोज सकाळी, रोज संध्याकाळी. त्याच्याशेजारी उभं राहून तिने माणसांच्या बादल्या उपड्या केल्या होत्या!

ती चौकीच्या पायरीवर मटकन बसली. मग जशी बसली तशी उठली, कारण तिला निळं पिंप आठवलं.

दादाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. दादा कामावर असला की फोन भिजू नये म्हणून जेवणाच्या डब्यात, पोळ्यांच्या घडीखाली ठेवायचा. डबा गाडीत, गाडी उन्हात. डोंगरातल्या राखणदाराकडे फोन होता, तो घरी. त्याच्या बायकोने उचलला आणि म्हणाली, "हो हो, आलेत की तुमचे भाऊ. हे त्यांना घेऊन तळ्यावरच गेलेत. तुम्ही पण या ना!"

"त्यांना म्हणावं थांबा! पाण्यात काही टाकू नका!"

"काय? आवाज येत नाही हो. या, या, जेवायलाच या."

मास्तर नेमका एका बाईंना गाडी शिकवत तळ्याच्या रस्त्याने येत होता. मावशी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. शिकणाऱ्या बाईंनी किंचाळून स्टिअरिंग सोडलं, मास्तरने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. मावशीने बाईंना हाताला धरून उतरवलं आणि आत बसली.

"डोंगरातल्या तळ्यावर. आत्ता. विचारू नका."

"अगं पण माझा तास..."

"अहो, चला!"

लग्नानंतर इतक्या वर्षांत मास्तरने तिला रडताना दोनदाच पाहिलं होतं; ही तिसरी वेळ. त्याने गिअर टाकला. पण सवय कुठे जाते? जन्मभर माणसाने दुसऱ्यांना सावकाश जायला शिकवलेलं; वळण आलं की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर. डोक्यावर "शिकाऊ" अशी पाटी, त्यामुळे पुढचा कुणी बाजूही देईना. मागचे भोंगे वाजवत हसत पुढे जात होते. मावशी पदरातले शिंपले मुठीत आवळून बसली होती आणि तोंडाने एकच चालू होतं, "मीच दांडा वर केला हो. तो म्हणालासुद्धा, मला अंघोळ घाल. म्हणाला होता हो."

"थट्टा करत होता गं तो," मास्तर म्हणाला. मग पहिल्यांदाच आयुष्यात त्याने घाटाच्या वळणावर पुढच्या ट्रकला मागे टाकलं.

डोंगरातलं तळं झाडांच्या मधून दिसलं. चहाच्या रंगाचं, दाट, गढूळ. काठच्या दगडांना नवा चुना लावलेला. लाकडी धक्क्याच्या टोकाला दादा उभा होता, शेजारी राखणदार. दोर उपसून झाला होता. फळ्यांवर लाल-पांढऱ्या गोळ्यांचं वेटोळं पडलं होतं. दादा कंबरेवर हात ठेवून पिंपाकडे बघत होता.

मावशी गाडी थांबायच्या आत उतरली. "दादा! नको! दादा, थांब!"

वारा तिच्याकडेच वाहत होता. दादाला शब्द गेले नाहीत, बहीण तेवढी दिसली. त्याचा चेहरा असा उजळला! त्याने हात वर केला, सगळा पंजा पसरून हलवला. ओरडला, "छकुले! तू पण आलीस?" आणि नेहमीच्या सवयीने, तिच्याकडे बघत बघतच, पिंपाला लाथ मारली.

पिंप आडवं झालं. पाणी भडभडून तळ्यात गेलं. नितळ होतं ते पाणी. गढूळ पाण्यात त्याचा उजळ पट्टा क्षणभर वेगळा दिसला, मग दिसेनासा झाला.

मावशी धक्क्यावर पोचली. तिने फक्त मूठ उघडली. दादाने शिंपले बघितले, तिच्याकडे बघितलं, मग खाली वाकून वेटोळ्यातल्या एका गोळ्यात बोट घातलं. बोट आतच राहिलं. शिंपले ओले होते, जिवंत होते.

"वरच्या तळ्यात?" त्याने विचारलं.

मावशीने मान डोलावली.

"मी?"

तिने पुन्हा मान डोलावली. खोटं बोलायचं तिच्या जिभेला वळणच नव्हतं.

दादा पिंप पुन्हा उभं करून धक्क्यावरून तसाच पाण्यात उतरला. कपड्यांसकट. त्याने मागितला म्हणून मास्तरने त्याच्या गाडीतून धावत आणलेला जेवणाचा डबा आता त्याच्या हातात होता. पोळ्या, फोन सगळं फळीवर भिरकावून तो त्या रिकाम्या डब्याने पाणी भरून पिंपात ओतू लागला. जिथे पट्टा दिसला होता तिथलं पाणी. एक डबा, दुसरा डबा. "एवढंच होतं," तो म्हणत होता, "एक पिंपभरच होतं गं. तळं केवढं आहे बघ. एवढ्याने काय होतंय? आं? एवढ्याने काय होतंय?"

"अप्पांच्या तळ्यात किती आलं होतं, ते कुणी मोजलं होतं का दादा?"

तो थांबला नाही. साठी उलटलेला माणूस छातीएवढ्या पाण्यात उभा राहून तळं परत पिंपात भरत होता आणि कुणाला त्याला वर घ्यायचा धीर होईना. शेवटी मास्तरच बूट काढून खाली उतरला आणि त्याने त्याच्या हातातला डबा हळूच काढून घेतला.

राखणदार म्हातारा इतका वेळ गोंधळून उभा होता. त्याला एवढंच उमगलं की शर्यत होणार नाही. तो मावशीपाशी आला, डोक्यावरची टोपी हातात घेतली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, पाणी गढूळ आहे आमचं, म्हणून का? ते निवळेल हो. तुमच्या खालच्या तळ्यांसारखं नाही, पण निवळेल."

मावशीला त्या शब्दांनी हुंदका फुटला. मग तिने त्याला फळीवर बसवून सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. भावाचं नाव घेऊन आणि स्वतःचंही. म्हाताऱ्याने शेवटी एकच विचारलं, "मग आता?" आता काही नाही. एवढ्याशा पाण्यातली पिल्लं तगलीच पाहिजेत असं नाही, मरूनही जातात. तगली की नाही हे कळायला एकच खूण. "दर रविवारी मला फोन करा," मावशी म्हणाली, "आणि पाणी गढूळ आहे एवढं सांगा. बाकी काही नको."

वरच्या तळ्याचं जे व्हायचं ते झालं. शर्यती बंद पडल्या. मावशीला कुणी कामावरून काढलं नाही. तीच आपल्या खात्याच्या साहेबांपुढे जाऊन काय झालं ते सांगून आली, तरी काढलं नाही. फक्त चौकी उलटी फिरवली. आता ती आत येणाऱ्या होड्या धुवत नाही, बाहेर जाणाऱ्या धुते. लोक अजून फौजदार म्हणतात, पण आता तिला ते ऐकवत नाही. नर्सबाई पायात रबरी चपला घालून पोहतात.

रविवारी फोन यायचा. "ताई, गढूळ," म्हातारा म्हणायचा. "अगदी गढूळ! हात घातला तर दिसत नाही." मावशी लगेच दादाला फोन लावायची आणि तोही पहिल्या घंटेला उचलायचा. तो हल्ली फोन डब्यात ठेवत नसे. "गढूळ ना?" "गढूळ." "बरं." एवढंच बोलणं. असे दोन उन्हाळे गेले. दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीला तर दादा थोडा हसलासुद्धा, म्हणाला, "म्हातारा एखादवेळी खोटं तर बोलत नसेल ना गं, आपल्याला बरं वाटावं म्हणून?"

"तोंड आवर रे," मावशी म्हणाली, पण तीही हसली.

तिसऱ्या उन्हाळ्यात एका रविवारी फोन आला नाही. सोमवारी आला.

"ताई," म्हातारा म्हणाला आणि थांबला. मागे कुठेतरी माणसांचा गलका होता, पोरं ओरडत होती. "ताई, काठचे दगड दिसायला लागलेत. आधी मला वाटलं ऊन तसं पडलंय. पण काल धक्क्याचे खांब खालपर्यंत दिसले." पुन्हा थांबला. "मी सांगतोय सगळ्यांना, पण कुणी ऐकत नाही हो. सगळी खूश आहेत. खालून माणसं बघायला यायला लागलीत. रंगाऱ्याला बोलावलंय. पाटी लावायची म्हणतात."

मावशीने फोन ठेवला. चौकीबाहेर दोन होड्या रांगेत उभ्या होत्या, तिने त्यांना हातानेच थांबा म्हटलं. मग भावाला लावला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला.

"बोल छकुले. गढूळ ना?"

तिने तोंड उघडलं, मिटलं, फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडे नुसता दादाचा श्वास ऐकू येत होता.

मग तो म्हणाला, "दोर मी वाळत घातलेत गं. तेव्हापासून उन्हातच आहेत. काठीसारखे ताठ झालेत."